एबीआय, पीडब्ल्यूव्ही, कॅल्शियम स्कोअर : सुई न टोचता रक्तवाहिन्यांची तपासणी, इंदूरकरांनी काय करून घ्यावं आणि काय नाही

रामबागकर
पलासियापासून विजय नगरपर्यंत 'हार्ट पॅकेज'चे बोर्ड झळकताहेत आणि त्यात आता नुसतं ईसीजी-कोलेस्टेरॉल नसतं. एबीआय, पीडब्ल्यूव्ही, सीआयएमटी, कॅल्शियम स्कोअर, 'व्हॅस्क्युलर एज', काय काय असतं. रिपोर्टवर आकडे छापलेले असतात, पण ते कसे मोजले याचा पत्ता नसतो. पन्नाशी-साठीच्या मंडळींना नेमकं काय सांगायचं, यासाठी हा धागा. जे हे काम रोज करतात त्यांनी लिहावं : कोणती तपासणी कोणासाठी, करताना काय बघायचं, आकडा कुठे फसवतो. 'मी अमुक गोळी बंद करू का' हे इथे विचारू नये.
आणि एक आधीच सांगून ठेवतो. ज्यांना आत्ता छातीत दाब, अचानक धाप किंवा एका बाजूला बधिरपणा आहे त्यांनी धागा वाचत बसू नये. १०८ ला फोन करा किंवा एमवाय रुग्णालय, नाहीतर जवळचं जे इमर्जन्सी असेल ते गाठा.

डॉप्लरताई
सुरुवात एबीआयपासून करते, कारण सगळ्यांत स्वस्त तीच आणि सगळ्यांत जास्त बिघडवली जाते तीही तीच. कल्पना साधी आहे : घोट्यापाशी मोजलेलं वरचं प्रेशर भागिले दंडाचं वरचं प्रेशर. निरोगी माणसात घोट्याचं थोडं जास्तच येतं. पायाच्या धमन्या चोंदल्या की घोट्याचं प्रेशर पडतं आणि भागाकार १ च्या खाली जातो.

करायची पद्धत अशी. माणसाला पलंगावर सपाट झोपवायचं, डोकं आणि टाचा दोन्ही टेकलेल्या. टाच पलंगाबाहेर लोंबत असेल तर पोटरी ताणलेली राहते. ५ ते १० मिनिटं गप्प पडून राहायचं. त्याआधी २ तास बिडी-सिगारेट नको. घोट्याला बीपीचा पट्टा बांधताना त्याची खालची कड आतल्या घोट्याच्या हाडापासून साधारण २ सेंमी वर यायला हवी. मोज्यावरून बांधायचा नाही. मग ८ ते १० मेगाहर्ट्झचा हातातला डॉप्लर (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र), भरपूर जेल, आणि प्रोब त्वचेशी ४५ ते ६० अंशांत तिरका.

पायात दोन जागा शोधायच्या. एक आतल्या घोट्याच्या मागे. दुसरी पायाच्या पाठीवर, अंगठ्याच्या वर जाणाऱ्या दोरीसारख्या स्नायुबंधाच्या किंचित बाहेर. ही दुसरी धमनी काही लोकांत जन्मतःच बारीक असते किंवा सापडतच नाही, म्हणून ती मिळाली नाही की लगेच आजार लिहायचा नाही. नवखे लोक इथे प्रोब दाबून धरतात. खाली लगेच हाड आहे, त्यामुळे धमनीच चेपली जाते आणि आवाज गायब. प्रोब जेलवर तरंगता ठेवायचा.

आवाज बंद होईल तिथून प्रेशर आणखी २० मिमी (पाऱ्याचे) चढेपर्यंत पट्टा फुगवायचा आणि सेकंदाला २-३ मिमी या वेगानं सोडायचा. पहिला ठोका परत ऐकू आला तो आकडा. भर्रकन हवा सोडली की दोन ठोक्यांमध्येच १० मिमी निघून जातात. क्रम : उजवा दंड, उजव्या पायाच्या दोन्ही जागा, डाव्या पायाच्या दोन्ही, डावा दंड, आणि शेवटी पुन्हा उजवा दंड. उजव्या दंडाच्या दोन मोजण्यांत १० पेक्षा जास्त फरक आला तर पहिली सोडून द्यायची, नाहीतर सरासरी घ्यायची. दंडाचंही डॉप्लरनंच मोजायचं. दंडाला स्टेथोस्कोप आणि पायाला डॉप्लर, ही खिचडी चालत नाही.

आता भागाकार. समजा उजवा दंड १३८, डावा १४४. उजवा पाय : घोट्यामागे १२८, पाठीवर ११८. डावा पाय १५० आणि १४६. खाली नेहमी दोन्ही दंडांतला मोठा आकडा, म्हणजे १४४. वर त्या त्या पायातला मोठा. उजवा : १२८ भागिले १४४, म्हणजे ०.८९. डावा : १.०४. कुणी घाईत एकाच, उजव्या दंडाचं मोजून १२८ भागिले १३८ केलं तर ०.९३ येतं. ०.९० किंवा खाली म्हणजे पायाच्या धमन्यांचा आजार, ०.९१ ते ०.९९ काठावर, १.०० ते १.४० ठीक. म्हणजे एक दंड मोजायचा कंटाळा केला की आजारी माणूस 'काठावर' होऊन घरी जातो.

आणि दोन दंडांतच १५-२० मिमीचा फरक सतत येत असेल तर तीही बातमीच आहे. कमी प्रेशरच्या हाताकडे जाणारी धमनी अरुंद असू शकते. त्या माणसाचं बीपी यापुढे कायम जास्त आकड्याच्या हातावर बघायचं.

लोकमान्यनगरी
ताई, उत्तम. एक शंका. काही ठिकाणी दोन जागांपैकी कमी प्रेशर घेऊन काढतात. तुमच्याच उदाहरणात ११८ घेतले तर ०.८२ येतं. मग बरोबर कोणतं?

डॉप्लरताई
निदानासाठी मोठा आकडा, हीच रूढ पद्धत. लहान आकडा घेतला तर जास्त लोक जाळ्यात येतात, हृदयविकाराचा धोका हेरायला काही जण ते पसंत करतात, पण मग निरोगी माणसांवरही शिक्का बसतो. माझं मत विचाराल तर रिपोर्टवर दोन्ही घोट्यांच्या चारही जागांचे आणि दोन्ही दंडांचे कच्चे आकडे छापावेत, मग ज्याला जो भागाकार हवा तो करेल. नुसतं 'एबीआय ०.९' लिहिलेला रिपोर्ट मी परत पाठवते.

खजराणा_रोड
वडील मंडळींमध्ये मधुमेहाचं प्रमाण बघता १.४० च्या वरचं काय? रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं पाहिलंय.

डॉप्लरताई
तो नॉर्मल नाही, तो 'मोजता आला नाही' आहे. जुना मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं, नळी कडक होते आणि पट्टा ती दाबूच शकत नाही. कधी २५० पर्यंत फुगवूनही आवाज बंद होत नाही. तेव्हा पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून टीबीआय (अंगठ्याचं प्रेशर भागिले दंडाचं) करायचा, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत. तिथे ०.७० किंवा खाली असेल तर गडबड. आणखी फसवी गोष्ट म्हणजे कडकपणा आणि चोंदणं दोन्ही एकत्र असेल तर भागाकार १.०५ असा गोंडस येतो. म्हणून कान उघडे ठेवायचे. चांगल्या धमनीचा डॉप्लरवरचा आवाज तुटक, दोन-तीन भागांचा असतो : जोरात पुढे, थोडा मागे, परत पुढे. वर कुठे अडथळा असेल तर एकसुरी, वाऱ्यासारखा 'हूऽऽ' येतो. आकडा चांगला आणि आवाज हूऽऽ असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.
चालताना पोटरी धरते पण झोपून एबीआय ठीक येतो, अशांना चालवून लगेच पुन्हा मोजायचं. २० टक्क्यांहून जास्त पडला तर अर्थ आहे. पायात गुठळी असण्याची शंका असेल किंवा बायपासची नळी घोट्यापर्यंत गेली असेल तर मात्र पट्टा फुगवू नये.

भिया_५६
हातात धातूचा दांडा धरायचा आणि एका मिनिटात हृदय, किडनी, 'धमन्यांची लवचिकता ६२ टक्के' असा चाळीस पानी रिपोर्ट, ते यंत्र या यादीत कुठे बसतं?

लहरमापक
कुठेच नाही. त्यात ना पट्टा, ना नाडीची लहर, ना ध्वनिलहरी. तळहाताच्या विद्युतरोधावरून धमनीचा कडकपणा कळत नाही. त्यापेक्षा त्या पैशात पोहे-जिलेबी खा.

आता पीडब्ल्यूव्ही, म्हणजे नाडीची लहर धमनीतून किती वेगानं पळते. धमनी जितकी कडक तितकी लहर वेगवान. रक्ताचा वेग वेगळा, लहरीचा वेगळा, ही सरमिसळ रिपोर्टवरसुद्धा दिसते. दोन प्रकार आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत.

पहिला, मान ते जांघ. हाच मूळ मानदंड, कारण यात मुख्यतः महाधमनी मोजली जाते. मानेवर आणि जांघेत नाडी टिपायची, दोन्हींमधला वेळ काढायचा, आणि अंतर भागिले वेळ. सगळा घोळ अंतरात आहे. मान ते जांघ सरळ ६० सेंमी भरलं आणि वेळ ५० मिलिसेकंद, तर वेग होतो सेकंदाला १२ मीटर. पण २०१२ च्या तज्ज्ञ-एकमतानुसार सरळ अंतराचे ८० टक्केच घ्यायचे, म्हणजे ४८ सेंमी, आणि मग तोच माणूस ९.६ वर येतो. जुनी मर्यादा १२ होती, नवी १० आहे. माणूस तोच, धमनी तीच. जुन्या पद्धतीनं मोजून नव्या मर्यादेशी ताडणारे रिपोर्ट असतात, आणि मग बिचारा उगाच धास्तावतो.
दुसरी चूक टेपची. पोट सुटलेल्या माणसाच्या पोटावरून टेप फिरवली की ६० चे ६६ होतात. मग ९.६ चे साडेदहाच्या वर जातात. टेप हवेत सरळ ताणून धरावी किंवा लाकडी कॅलिपर वापरावा.

दुसरा प्रकार, दंड ते घोटा. चार पट्टे, दोन्ही दंड आणि दोन्ही घोटे, यंत्र आपोआप फुगवतं. पॅकेजमध्ये बहुतेकदा हाच असतो, कारण जांघेत हात घालावा लागत नाही. यात हातापायांच्या धमन्याही येतात, म्हणून आकडा मोठा : १४ मीटर प्रतिसेकंदापर्यंत ठीक, १८ च्या वर धोका जास्त. काही यंत्रं सेंमीत छापतात, १४०० आणि १८००. यात अंतर मोजतच नाहीत, यंत्र ते उंचीवरून गृहीत धरतं. म्हणून काउंटरवर उंची १६५ ऐवजी १७५ टाकली की उत्तर सुमारे ५ टक्के चढतं, १७०० चे १७९०. उंची विचारून लिहू नका, भिंतीशी उभं करून मोजा.

लोकमान्यनगरी
काही यंत्रं सीएव्हीआय छापतात, तो याच घरातला का?

लहरमापक
हो. दंड-घोटा यंत्राचाच चुलत भाऊ, फक्त त्यात त्या क्षणाच्या बीपीचा परिणाम गणितानं कमी केलेला असतो. ८ च्या खाली ठीक, ८ ते ९ काठावर, ९ आणि वर म्हणजे कडक. साध्या पीडब्ल्यूव्हीत मात्र बीपी थेट घुसतं. धावतपळत आलेल्या, १६४ प्रेशर असलेल्या माणसाचा पीडब्ल्यूव्ही जास्तच येणार. म्हणून १० मिनिटं आडवं पडणं, खोली उबदार, ३ तास आधीपासून चहा-कॉफी, जेवण, धूम्रपान नाही, मोजताना बोलायचं नाही आणि डुलकीही घ्यायची नाही. रिपोर्टवर त्या वेळचं बीपी आणि नाडी नसेल तर पीडब्ल्यूव्हीचा आकडा अर्धवट समजा.
आणि डॉप्लरताईंच्या विषयाशी इथे गाठ पडते : एबीआय ०.९० किंवा कमी असेल तर त्या पायाकडे लहर उशिरा पोचते, म्हणून दंड-घोटा वेग खोटा कमी येतो. आजारी पाय 'तरुण' दिसतो. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तरी हे आकडे बाजूला ठेवा.
'व्हॅस्क्युलर एज ७१' वगैरे छापतात ते त्या कंपनीच्या तक्त्याशी तुलना करून काढलेलं असतं. तक्ता कोणत्या लोकांवरून बनवला ते विचारा. माझ्या लेखी त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवून बाकीचा रिपोर्ट वाचावा. मनगटी घड्याळांच्या 'लवचिकता' आकड्यांनाही हेच लागू.

सुदामानगर_वाचक
मानेच्या सोनोग्राफीत 'सीआयएमटी ०.८२, जाड' असं लिहितात. त्यावर औषध सुरू होतं का?

फिल्मवाचक
नुसत्या त्यावर होऊ नये. सीआयएमटी म्हणजे मानेच्या धमनीच्या भिंतीतल्या आतल्या दोन थरांची जाडी. ७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा सपाट प्रोब, धमनी दोन फाट्यांत विभागते त्याच्या खालचा १ सेंमी, आणि प्रोबपासून दूरची भिंत. जवळच्या भिंतीची कड ध्वनिलहरींत फुगून दिसते. वयाप्रमाणे ही जाडी सगळ्यांचीच वाढते, म्हणून वय न बघता 'जाड' हा शेरा निरर्थक. युरोपीय मार्गदर्शनात ०.९ मिमीच्या वर दखल घेतात. अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शनात मात्र नेहमीच्या धोका-मापनासाठी सीआयएमटी करू नये असंच म्हटलंय. कारण उघड आहे : मशीन ०.१ मिमीच्या आसपास धडपडतं, आणि दोन तंत्रज्ञांतला फरक तितकाच असतो. यंदा ०.८२, पुढच्या वर्षी ०.७६, 'औषधानं सुधारलं' असं कुणी म्हणालं तर प्रोब कुणी धरला होता ते विचारा.
त्याच सोनोग्राफीत खरं बघायचं ते प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर. आजूबाजूच्या भिंतीपेक्षा ०.५ मिमीनं किंवा तिच्या जाडीच्या निम्म्यानं आत आलेला उंचवटा, किंवा जाडी १.५ मिमीहून जास्त. प्लाक असेल तर आजार सुरू झालेला आहे, वादाला जागा नाही. म्हणून लॅबला सांगताना 'सीआयएमटी करा' असं नाही, तर 'दोन्ही बाजूंच्या फाट्यांपर्यंत आणि वर आतल्या धमनीत प्लाक आहे का ते बघा, आडवा आणि उभा दोन्ही छेद घ्या' असं सांगा. प्लाक बहुधा फाट्यावरच असतो आणि सीआयएमटीचा चौकोन त्याच्या खाली ठेवतात, मग तो निसटतो.

आता कॅल्शियम स्कोअर, कारण निर्णय बदलण्याची ताकद या यादीत सगळ्यांत जास्त त्याच्यात आहे. हृदयाच्या धमन्यांचा साधा सीटी, ईसीजीशी जोडलेला, काँट्रास्टचं इंजेक्शन नाही, श्वास रोखून काही सेकंद. किरणांचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्ट. आगात्स्टन यांनी १९९० मध्ये जी पद्धत दिली तीच अजून चालते : १३० हून जास्त हाउन्सफील्डचा (सीटीवर घनता मोजायचं एकक), किमान १ चौ. मिमीचा ठिपका धरायचा. त्याचं क्षेत्रफळ गुणिले घनतेचा अंक : १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० आणि वर ४. सगळ्यांची बेरीज.
हे गुणाकार पायऱ्यांचे आहेत हे लक्षात ठेवा. ६ चौ. मिमीच्या ठिपक्याची सर्वोच्च घनता २९० आली तर १२ गुण, ३१० आली तर १८. ठिपका तोच. म्हणून १२ वरून १८ झाला म्हणून रात्रीची झोप घालवू नये. तसंच ही मर्यादा १२० केव्ही (क्ष-किरण नळीचा दाब) आणि ३ मिमी जाडीच्या कापांसाठी ठरलेली आहे. डोस कमी करायला कुणी १०० केव्हीवर काढलं आणि १३० तीच ठेवली तर स्कोअर फुगतो. नाडी ८०-९० वर पळत असेल तर धमनी हलते आणि ठिपका लांबट पसरतो. सीटीला जाताना कडक चहा टाळा.
अर्थ : ० म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही, १ ते ९९ थोडं, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि वर भरपूर. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शनात १०० किंवा जास्त असेल, किंवा वयाच्या मानानं ७५ व्या शतमकाच्या वर (म्हणजे शंभरातल्या ७५ जणांपेक्षा जास्त) असेल, तर स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या, बाजूनं कौल आहे.

भिया_५६
आणि ० आला की सराफ्यात रात्रीचं खाणं बेधडक?

फिल्मवाचक
नाही ना भिया. कॅल्शियम हा प्लाकचा जुना झालेला भाग. मऊ, ताजा प्लाक या सीटीत दिसतच नाही. सिगारेट ओढणारा, मधुमेह असलेला, किंवा घरात कमी वयात अटॅकचा इतिहास असलेला, या तिघांना ० चा दिलासा देऊ नये असं त्याच मार्गदर्शनात आहे. अडतीस वर्षांच्या सिगारेटवाल्याचा ० येणं यात नवल काही नाही, तो वयाचाच ० असतो.

लहरमापक
इथे थोडा मतभेद. आपल्याकडे आजार लवकर येतो, मग चाळिशीच्या आत कॅल्शियम स्कोअरला काहीच जागा नाही असं म्हणणं टोकाचं वाटतं. घरात पन्नाशीच्या आत अटॅक झालेला असेल तर पस्तिशीत १० स्कोअरसुद्धा मोठी बातमी आहे.

फिल्मवाचक
बातमी आहे, मान्य. आला तर उपयोग होतो. पण न आला तर काहीच सिद्ध होत नाही, आणि त्या वयात बहुतेकांचा येत नाही. अशा घरात आधी एलपी-ए (लायपोप्रोटीन-ए) करा, रक्ताची साधी तपासणी, बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते. डेसीलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. सुई लागते, धाग्याच्या शीर्षकात बसत नाही, पण सीटीपेक्षा आधी हे.
शतमकांबद्दलही सावध. अमेरिकेतल्या ज्या मेसा अभ्यासावरून ते तक्ते आहेत त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, दक्षिण आशियाई नव्हते. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी मसाला हा वेगळा अभ्यास नंतर सुरू झाला. (नाव ऐकून हसू नका, खरंच तेच नाव आहे.)
आणि स्टॅटिन सुरू असलेल्यांनी 'फरक पडला का' म्हणून स्कोअर पुन्हा काढू नये. स्टॅटिननं मऊ प्लाक घट्ट होतो, कॅल्शियम वाढतं, स्कोअर चढतो, आणि माणूस घाबरून गोळीच बंद करतो. नेमकं उलटं होतं.

गोळाबेरीज
सगळं वाचलं. पण ही गाडी घोड्याच्या पुढे जुंपलीय. आधी १० वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात येण्याचा धोका काढा, मग यंत्राकडे जा.
४० ते ७४ वयाला जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्ते आहेत, दक्षिण आशियाचा वेगळा. प्रयोगशाळेशिवायचाही आहे, त्यात कोलेस्टेरॉलऐवजी वजन-उंचीचा निर्देशांक घालतात. इंग्लंडचं क्यूरिस्क-३ हे धोका काढायचं ऑनलाइन गणित वापरायचं तर वंशात 'भारतीय' निवडा आणि पोस्टकोडचा रकाना रिकामा सोडा, तो तिकडच्या पत्त्यांसाठी आहे. कोलेस्टेरॉल तिथे गुणोत्तर म्हणून लागतं : एकूण २१० आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२ असेल तर भागाकार ५. एककं बदलायची भानगड नाही.
मग निर्णय. अटॅक किंवा स्टेंट झालेला आहे? यातल्या कुठल्याही यंत्राची गरज नाही, औषध ठरलेलंच आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० किंवा वर? तसंच. चाळिशीच्या पुढचा मधुमेह? स्टॅटिन बहुधा लागणारच, स्कोअरनं फार काही बदलत नाही, पण एबीआय मात्र करा, पाय वाचतात. अमेरिकी गणितानं १० वर्षांचा धोका ७.५ ते २० टक्क्यांत येतो आणि गोळी घ्यावी की नाही यावर मन डळमळतंय, त्याच माणसासाठी कॅल्शियम स्कोअर. धोका २ टक्के असलेल्याला आणि ३० टक्के असलेल्याला तो काढून काय मिळणार?

खजराणा_रोड
आणि पॅकेजमधली टीएमटी, ती ट्रेडमिलवर पळवून ईसीजी काढतात ती?

गोळाबेरीज
ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते : श्रम केल्यावर हृदयाला रक्त कमी पडतं का. धमनी बरीच अरुंद झाली तरच ती बोलते. ३०-४० टक्के अडवणारा प्लाक टीएमटी पास होतो, आणि फुटला तर अटॅक त्याचाच येतो. लक्षणं नसलेल्या माणसाला दरवर्षी पट्ट्यावर पळवण्यात राम नाही.
त्यापेक्षा घरचं बीपी नीट मोजा, रक्तवाहिन्यांची याहून चांगली तपासणी कुठल्या पॅकेजमध्ये सापडणार नाही. दंडाचं यंत्र, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपनं मोजा : ३५ सेंमी दंडाला २२-३२ चा पट्टा बांधला की आकडा खोटा जास्त येतो. लघवीला जाऊन या, ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला. अर्धा तास आधी चहा नाही. सकाळी औषधाआधी आणि रात्री, दरवेळी १ मिनिटाच्या अंतरानं दोनदा, ७ दिवस. पहिला दिवस फेकून द्या, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी. १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टर. दवाखान्यात १२६ आणि घरी १४५ अशी मंडळी आहेत, आणि पॅकेजमधून ती साफ निसटतात.
बीपी-मधुमेहवाल्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करावं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा वर म्हणजे बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम असेल तर खोटं वाढतं, म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोनदा आलं तरच धरायचं.

सुदामानगर_वाचक
एफएमडी राहिली.

लहरमापक
संशोधनाची चीज आहे. हाताला पट्टा ५ मिनिटं करकचून, मग सोडायचा, आणि रक्ताच्या लोंढ्यानं दंडाची धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीवर बघायचं. सेलरमायर वगैरेंनी १९९२ मध्ये मांडली. आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड किती सोडतं याचा तो अंदाज. पण धमनी ४ मिमीची आणि रुंदावणं ०.२ मिमीचं, म्हणजे ५ टक्के. प्रोब केसभर सरकला तरी निकाल उलटतो. आदल्या रात्री गराडू (तळलेला कंद) आणि रबडी झाली असेल तर अस्तरही त्या मूडमध्ये नसतं. पॅकेजमध्ये दिसली तर पैसे देऊ नका.

रामबागकर
लॅबला फोन करून काय विचारायचं, कुणी दोन ओळींत?

डॉप्लरताई
एबीआयसाठी : डॉप्लरनं करता की आपोआप यंत्रानं, दोन्ही दंड घेता का, कच्चे आकडे छापता का, टीबीआयचा अंगठ्याचा पट्टा आहे का. आपोआप यंत्र वाईट नसतं, पण घोट्याचं प्रेशर फार कमी असेल तर ते चाचपडतं, कधी जास्त दाखवतं, कधी आकडाच देत नाही. 'एरर' आला म्हणून तीन वेळा फुगवत बसतात. तो एररच निकाल असू शकतो, तेव्हा डॉप्लर काढायचा.

फिल्मवाचक
सीटीसाठी : ईसीजी गेटिंग आहे ना, काँट्रास्ट नाही ना, १२० केव्ही आणि ३ मिमी ना. आणि रिपोर्टमध्ये चारही धमन्यांचा वेगवेगळा स्कोअर हवा, नुसती बेरीज नको. १५० गुण एकाच जागी असणं आणि तीन धमन्यांत पसरलेलं असणं यात फरक आहे.

खजराणा_रोड
ताई, शेवटचं. टीबीआय जानेवारीत केला तर थंडीचा परिणाम होतो का? सकाळी सातच्या अपॉइंटमेंटला पाय बर्फ झालेले असतात.

डॉप्लरताई
होतो, आणि चांगलाच. गारठ्यात अंगठ्याच्या बारीक धमन्या आकसतात, लहर सपाट दिसते आणि टीबीआय खोटा कमी येतो. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत दुपारची वेळ घ्या. मोजे-बूट घालूनच या, फरशीवर अनवाणी थांबू नका. खोली २२-२३ अंशांवर हवी, पायांवर १० मिनिटं ब्लँकेट. तरी अंगठा गार लागला तर कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल गुंडाळायचा आणि पुसून मग सेन्सर. गरम पाण्याची पिशवी मात्र नको : मधुमेहात पायाला भाजलेलं कळत नाही, आणि रक्त कमी पोचणाऱ्या पायावरचा फोड महिनोन्महिने भरत नाही.